आतून किल्ली लागणारं दार

दारावर थाप पडली तेव्हा मी टेरेलच्या पलंगावर पडले होते. झोपले नव्हते, निदान झोपायचं असं ठरवून पडले नव्हते. उशीला डोक्याचा खळगा पडावा, चादर चुरगळावी, रात्री इथं कुणीतरी झोपून उठून गेलंय असं दिसावं, एवढ्यासाठी पडले होते. आधी हातानंच चादर चुरगळून पाहिली. पण हातानं चुरगळलेली चादर हातानं चुरगळल्यासारखीच दिसते. दोनदा नीट केली, दोनदा विस्कटली, आणि मग स्वतःलाच म्हटलं, अर्लिनबाई, अंग टाकल्याशिवाय हे अंथरूण काही खोटं बोलायचं नाही. चपला काढल्या आणि तो झोपायचा तशी, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडले. उशीला त्याच्या केसांच्या तेलाचा वास येत होता. येत होता की मला तसं वाटलं, कोण जाणे. पानगळीच्या दिवसांत गेलेल्या पोराचा वास फेब्रुवारीपर्यंत कुठला राहायला! डोळे मिटले ते तो वास नीट यावा म्हणून. तेवढ्यात थाप पडली, आणि क्षणभर वाटलं, तोच आला. पण तो थाप कशाला मारेल? त्याच्याकडे किल्ली आहे.

थाप पाहणीवाल्याची होती. इथं बाल्टिमोरमध्ये आमच्यासारख्यांच्या घरभाड्यातला मोठा वाटा सरकार परस्पर घरमालकाला देतं, उरलेला थोडा आपण भरायचा. आमच्या गल्लीत त्याला नुसतं व्हाउचर म्हणतात, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याच्याकडे देवाचा हात असल्यासारखं बघतात. त्या बदल्यात वर्षातून एकदा ऑफिसचा माणूस येऊन घर पाहून जातो. शेगडी पेटते का, खिडक्या उघडतात का, नळ गळतो का, आणि कागदावर जितकी माणसं आहेत तितकीच घरात राहतात का. शेवटचा प्रश्न तो तोंडानं फारसा विचारत नाही, डोळ्यांनी विचारतो. म्हणून पाहणीच्या दिवशी सकाळी आमची अख्खी गल्ली पुरुषांचे बूट लपवते. कुणाचा नवरा नसलेला नवरा, कुणाचा तुरुंगातून सुटून आलेला भाऊ, सगळ्यांचे बूट, वस्तरे, टोप्या पिशवीत भरून शेजारणीकडे जातात. पलीकडच्या चौकातल्या एकीचं व्हाउचर पलंगाखाली राहून गेलेल्या एका जोड्यापायी गेलं, असं म्हणतात. आणि मी? मी त्या दिवशी सकाळपासून पुरुषाचे बूट बाहेर काढत होते. टेरेलचे जुने बूट कपाटातून काढून दाराशी वाकडेतिकडे टाकले, जसे तो टाकायचा आणि मी ओरडायची. त्याचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्याचा दात घासायचा ब्रश नळाखाली ओला करून पेल्यात माझ्या ब्रशशेजारी उभा केला. आणि ओला ब्रश पाहून मलाच भीती वाटली. वाटलं, आपण हे करतोय ते बरं नाही. जिवंत पोराचं असलं काही करू नये.

कारण कागदावर आम्ही दोघं आहोत, आणि दोघांसाठी दोन खोल्यांचं घर आहे. एक माणूस कमी झाला की ऑफिसला कळवायचं असतं. कळवलं की व्हाउचर एका खोलीचं होतं, आणि एका खोलीच्या पैशात हे घर परवडत नाही, मग दुसरं शोधायचं. न कळवता राहिलं आणि पकडलं गेलं, तर व्हाउचरच जातं. हे सगळं मला माहीत होतं. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मी कांदे चिरत असले तरी हे डोक्यात चिरत राहायचं. कळव, अर्लिन. आज कळव. पण कळवायचं म्हणजे त्या खिडकीशी उभं राहून म्हणायचं, माझा मुलगा आता माझ्याकडे राहत नाही. जीभ वळायची नाही. तो गेला होता एका मित्राबरोबर, लांबच्या शहरात गोदामात काम आहे म्हणून. दोनदा फोन आला. तिसऱ्या वेळी मी लावला तर एक बाई सांगू लागली, हा नंबर आता चालू नाही. अजूनही अधूनमधून लावते. त्या बाईचा आवाज आता मला पाठ झालाय. गेला त्या दिवशी पायऱ्यांवर उभा राहून, पाठीवर पिशवी, वीस वर्षांचा घोडा, मला म्हणाला, "मा, वाट बघत बसू नकोस हं. झोपत जा. मी कधीही येईन, रात्री-अपरात्री, माझी किल्ली आहे माझ्याकडे." आणि खिशावर हात मारून दाखवला. मी म्हटलं, "हरवू नकोस ती." "लहान आहे का मी आता?" म्हणाला. लहान होता तेव्हा ती किल्ली गळ्यात दोरीनं बांधलेली असायची, आणि आंघोळीलाही काढायचा नाही.

किल्ली. दारावर दुसऱ्यांदा थाप पडली तेव्हा मला किल्ली आठवली. आमचं पुढचं दार आतूनही किल्लीनंच उघडतं. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे. टेरेल लहान असताना कुणीतरी ती काच फोडून, आत हात घालून, बोल्ट फिरवून घरात शिरलं होतं. आम्ही दोघं आत होतो, न्हाणीघरात कडी लावून बसलो होतो, माझा हात त्याच्या तोंडावर. नंतर मी घरमालकाच्या, झाहारिसच्या, मागे लागले आणि त्यानं दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूप बसवलं. काच फोडा, हात घाला, बोंबलत बसा. त्या रात्रीपासून ते कुलूप म्हणजे माझी झोप होती. पाहणीवाल्यांना तसलं कुलूप चालत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून दरवर्षी पाहणीच्या दिवशी मी सकाळपासून दार सताड उघडं टाकून पायऱ्यांवर उभी राहायची. "या, या, थंडी आहे ना!" म्हणत त्यांना आत घ्यायची. उघड्या दाराचं कुलूप कोण बघतो? पण यंदा आत माझं नाटक चाललं होतं. कुणी बघेल या धाकानं मी दार लावलं, किल्ली फिरवली, एप्रनच्या खिशात टाकली. आता खिशात हात घातला, तर खिसा रिकामा.

"मॅडम? घरभाड्याच्या ऑफिसातून आलोय. पाहणीला."

"आले, आले!"

"सावकाश या. घाई नाही."

स्वयंपाकघरात पाहिलं. न्हाणीघरात पाहिलं, तो ओला ब्रश उचलून पेला उपडा करून पाहिला. टेरेलच्या बुटांत हात घालून पाहिलं. बाहेर तो माणूस पाय आपटत होता, थंडीनं. मला धाप लागली. मी माझ्याच घरात कोंडले गेले होते, आणि दाराच्या काचेतून एका परक्या माणसाची सावली आत बघत होती. त्या रात्रीसारखीच. मी मोठी बाई, नर्सांना आणि स्वयंपाक्यांना दमात घेणारी, पण त्या सावलीकडे पाहून मला खरोखर वाटलं की न्हाणीघरात जावं आणि कडी लावून घ्यावी.

"मॅडम, आत सगळं ठीक आहे ना?"

"हो हो! किल्ली… किल्ली कुठं ठेवली तेच आठवत नाहीये."

बाहेर पाय आपटणं थांबलं. मग तो म्हणाला, अगदी सहज, "तुमच्या दाराला आतून किल्ली लागते होय?"

तेव्हा मला कळलं मी काय बोलून बसले ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी किल्ली सापडली शेवटी त्याच्याच अंथरुणात. पडले तेव्हा खिशातून निसटून चादरीखाली गेली होती. ती काढताना मी सगळी चादर ओढून काढली, उशी जमिनीवर गेली. सकाळपासून रचलेलं सगळं मीच उधळलं आणि दार उघडलं.

प्रुइट नाव सांगितलं त्यानं. जाडजूड, एका गुडघ्यानं अधू, चर्चमधल्या मागच्या बाकावर बसणाऱ्यांसारखा चेहरा. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं शेगडी पेटवली, नळ सोडले, धूर झाला की वाजणाऱ्या भोंग्याचं बटन दाबलं. भोंगा किंचाळला आणि मी दचकून भिंतीला टेकले. "नर्व्हस होऊ नका हो, मी डॉक्टर नाही," तो हसून म्हणाला. मग टेरेलच्या खोलीत गेला. मी दारातच उभी. बूट, शर्ट, नागडी गादी. चोराच्या मनात चांदणं, मीच न विचारता सांगून टाकलं, "अंथरूण धुवायला काढत होते. पोराचं."

"कुठंय मुलगा?"

"कामाला. गोदामात. पहाटेची पाळी असते."

"नशीबवान आहात. माझा बारा वाजेपर्यंत लोळतो, आणि उठला की विचारतो, खायला काय आहे." त्यानं खिडकी वर सरकवली. गार वारा आत आला आणि मला वाटलं, गेला, त्या उशीतला वास गेला. खिडकी खाली करून तो हातातल्या पाटीवर काही लिहीत राहिला. मी त्याच्या पेनाकडे बघत होते. गादीवर हात ठेवेल का? गार गादी हाताला कळते का? पण तो बाहेर आला, मला ओलांडून पुढच्या दाराशी गेला आणि तिथं थांबला. कुलपात किल्ली तशीच लटकत होती.

"मिस अर्लिन, घर छान ठेवलंय तुम्ही. सगळं पास. पण हे मी सोडू शकत नाही."

"दरवर्षी सोडतात की."

"दरवर्षी कुणी तुम्हाला आत कोंडलेलं ऐकलं नसेल. समजा आग लागली. रात्रीची वेळ, सगळीकडे धूर, तुमचा मुलगा तिकडे झोपलाय. किल्ली सापडत नाही. मग?"

"त्याच्याकडे त्याची असते. कायम."

"मघाशी तुमच्याकडेही होती ना." त्याला बोचायचं नव्हतं, पण ते बोचलं. "आजच्या आज बदलायला सांगा मालकाला. मी उद्या बघायला येईन. नाही बदललं तर ऑफिस भाडं थांबवेल, आणि भाडं थांबलं की मालक काय करतो हे मी तुम्हाला सांगायला नको. पोराच्या जिवासाठीच सांगतोय, बाई." जाताना टेरेलचे दाराशी पडलेले बूट त्याच्या पायात आले. त्यानं ते वाकून, गुडघा धरून, नीट जोडीनं भिंतीशी लावले. "हे असे टाकले तरी धोका," म्हणाला आणि गेला.

बराच वेळ मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होते. जे वाचवायचं ते वाचलं होतं. घर राहिलं, दोन खोल्या राहिल्या, कागदावर आम्ही दोघं राहिलो. आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांसमोर शेजारच्या बर्निसचा मुलगा कर्टिस उभा राहिला. बाल्टिमोरच्या या भागात कुलूप खराब झालं तर लोक तेल घालतात, ठोकतात, शिव्या देतात, पण बदलत नाहीत. आई कुलूप बदलते ते एकाच कारणासाठी. कर्टिसनं आधी घरातला टीव्ही विकला, मग बर्निसच्या नवऱ्याचं घड्याळ. एका रविवारी चर्चहून आल्यावर बर्निसनं माणूस बोलावून कुलूप बदललं. संध्याकाळी कर्टिस आला. मी आणि टेरेल आमच्या पायऱ्यांवर तळलेली मासळी खात बसलो होतो, कागदातून. कर्टिसनं किल्ली घातली. फिरेना. काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली. दार हलवलं नाही, हाक मारली नाही. किल्लीकडे पाहिलं, जसं काही चूक तिचीच आहे, आणि मग ती वरच्या पायरीवर ठेवून दिली, अगदी अलगद, आणि चालू लागला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. बर्निस तेव्हा पडद्याआड उभी होती. अजूनही कधी मधेच, भाजी निवडताना, काही विषय नसताना म्हणते, "एकदा थाप मारली असती गं त्यानं. एकदा. उघडलं असतं मी." त्या संध्याकाळी टेरेलनं घास हातात तसाच धरला होता. मला म्हणाला, "मा, तू बदलशील कुलूप?" मी म्हटलं, "तू टीव्ही विकशील?" "नाही." "मग खा." पण तो खाईना. "पण समजा मी काही केलं. तरी?" तेव्हा मी त्याच्या गळ्यातली ती किल्ली हातात धरून म्हटलं, "तू काहीही कर. हे कुलूप मी कधी बदलणार नाही." तेव्हा कुठं त्यानं घास तोंडात घातला.

झाहारिस दुपारी आला, बादलीत हत्यारं घेऊन, कुरकुरत. म्हातारा झालाय, पण पैसे वाचवायला सगळी कामं स्वतः करतो. "इतकी वर्षं दार उघडं टाकून उभ्या राहायचात. आज काय झालं? माझ्या मागे लावून दिलंत ना शुक्लकाष्ठ!" मी म्हटलं, "मिस्टर झाहारिस, एक विचारू? नव्या कुलपाला जुनीच किल्ली चालेल असं काही करता येतं का?"

"करता येईल. किल्लीवाल्याकडे नेऊन आतलं यंत्र बदलून घ्यायचं. पण कशाला तो उद्योग?"

"नाही, म्हणजे… टेरेलकडे जुनी आहे."

"मग? संध्याकाळी घरी येईल ना? नवी द्या त्याला." स्क्रू तोंडात धरून तो बोलत होता. "प्रश्न काय आहे?"

प्रश्न काय आहे ते मी सांगू शकत नव्हते. मुलगा कागदावर या घरात राहतो, आणि या माणसाची त्या कागदावर सही आहे. संध्याकाळी घरी येणाऱ्या पोराला जुनी किल्ली लागत नाही. सगळी सकाळ मी जे रचलं होतं, त्यानंच माझ्या तोंडावर हात ठेवला होता, मी त्या रात्री टेरेलच्या तोंडावर ठेवला होता तसा. झाहारिसनं जुनं कुलूप काढलं. दाराला एक गोल भोक पडलं आणि त्यातून रस्ता दिसला. मग त्यानं नवं बसवलं, आतून बोटांनी फिरवायचं, पितळी, चकचकीत. जुनं कुलूप बादलीत टाकलं, ते खण्णकन वाजलं. दोन किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. "ही तुमची, ही पोराची. जपून ठेवायला सांगा."

तो गेल्यावर मी दाराशी उभी राहून विचार केला. चिठ्ठी लावावी? टेरेल, थाप मार. उद्या प्रुइट येणार, त्याला ती दिसणार. उद्या काढू, परवा लावू. पण तो आज आला तर? किल्ली कुंडीखाली ठेवावी? आमच्या गल्लीत कुंड्या उचलून बघणाऱ्यांची काही वाण नाही. शिवाय तो काय शोधणार कुंडीखाली? ज्याच्या खिशात किल्ली आहे तो किल्ली शोधत नाही. तो किल्ली घालतो, आणि ती फिरत नाही, आणि मग त्याला वाटतं त्याला सगळं कळलं. मी झोपेत असेन. नाहीतर कामावर, कांदे चिरत.

दिवे लागायच्या वेळी बर्निस कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली आणि आमच्या दाराकडे बघत थांबली. पितळ रस्त्यावरच्या दिव्यात चमकत होतं. टेरेलला पिशवी पाठीवर घेऊन जाताना तिनं पाहिलं होतं. गल्लीत सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि कुणी कधी विचारलं नव्हतं.

"कुलूप बदललंस?" ती म्हणाली.

"मालकानं बदललं, बर्निस. पाहणीवाल्यानं सांगितलं म्हणून."

"हं." तिनं पिशवी खाली ठेवली. "मीही तेच सांगायचे. मालकानं बदललं म्हणून." मग जवळ येऊन माझ्या कोपराला हात लावला. "आत जा. थंडी आहे. आणि दार लाव गं बाई, आता ते कुणीही काच फोडून उघडेल."

मी आत गेले. मला भीती वाटत होती. ती मी उगाच लपवत नाही. वाऱ्यानं काच हलली तरी मी वळून बघत होते. त्या रात्रीची सावली, सकाळची सावली, सगळ्या सावल्या त्या काचेत येऊन उभ्या राहत होत्या. मी खुर्ची ओढून दारासमोर बसले, हाताच्या अंतरावर तो नवा बोल्ट. दोन बोटांनी फिरवायचा, बस. पलीकडच्या चौकात कुणीतरी ओरडलं. एक गाडी थांबली, पुढे गेली. मग आमच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. एक, आणि थांबून दुसरं. टेरेलची नव्हती, आईला कळतं. तरी मी श्वास धरला. माझ्या मुठीत दोन्ही नव्या किल्ल्या होत्या आणि त्यांना घाम फुटला होता. हात आपोआप बोल्ट लावायला पुढे गेला.

मी तो मागे घेतला. दार नुसतं लोटलेलं होतं. ज्याच्याकडे जुनी किल्ली आहे त्याला ती घालायचीही गरज पडू नये, इतकं.